पाऊण तासाचा संसार

२४ फेब्रुवारी, मंगळवार

परत कॅन्सल! नोम ते कॉट्झब्यू — एकशे त्र्याऐंशी मैल, विमानाने पाऊण तास. हा पाऊण तास प्रसन्नला चार दिवस झाले पार करता येत नाहीये. आज म्हणे धुकं. नवरा नोकरीसाठी नोमला, मी इथे कॉट्झब्यूला. दोघंही अलास्कातच, नकाशात अगदी शेजारी!

सासूबाईंचा टेक्सासमधल्या प्लेनोहून फोन. पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडंच जास्त, मग गाडीने का नाही भेटत, म्हणाल्या. रस्ताच नाही हो आई, हे दोन वर्षांत पंचवीसदा सांगून झालं. त्यांच्या मते आम्ही नीट शोधला नाही.

२६ फेब्रुवारी

प्रसन्न फोन ठेवताना दरवेळी "येतो" म्हणतो. "जातो" म्हणू नये, ही त्याच्या आईची शिकवण. दोन वर्षं रोज येतोय, पोचत मात्र नाही! मीही "ये ये" म्हणते आणि फोन ठेवते.

१ मार्च, रविवार

शुक्रवारपर्यंत हॉस्पिटलला सांगायचंय — आणखी दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करतेय की नाही. प्रसन्नला वाटतंय, मी नोकरी सोडून नोमला येणार. मीच तसं म्हटलं होतं, दिवाळीत. पण नाही सोडवत हे फिजिओथेरपीचं काम! खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या पेशंट आजी परवा वॉकर सोडून चार पावलं चालल्या. मी रडायला लागले तर मलाच ओरडल्या.

असा पेशंट कुठे मिळेल? पण नवरा तरी दुसरा कुठे मिळणार? सही केली तर आणखी दोन वर्षं फोनवरचा संसार. तो थांबेल का तेवढा? भीती वाटते. हे फोनवर नाही, समोर बसूनच सांगायला हवं.

३ मार्च

उद्याचं नोमचं तिकीट काढलं. त्याला सांगितलं नाही. फोनवर आजींचं पुराण ऐकवलं, नोकरीचा विषय त्यानेही काढला नाही. ठेवताना म्हणाला, "येतो हं. खरंच येतो." "ये ये," म्हटलं. आज भलतीच लाडीगोडी!

४ मार्च, नोम

विमान लहान, म्हणून काउंटरवर प्रत्येकाचं वजन विचारतात. नवऱ्यापासून लपवलेला आकडा रांगेतल्या सहा अनोळखी माणसांना ऐकवला. बॅगेतल्या रव्याच्या लाडवांचं वजन वेगळं.

त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे असतेच. दार उघडलं — कपाट रिकामं. पुस्तकं नाहीत, कपडे नाहीत. फोन लागत नाही. गेला मला सोडून! ओट्यावरचा कुकरसुद्धा नाही. माझ्या आईने दिलेला कुकर घेऊन कुठे गेला हा मेला?

४ मार्च, दुपारी

फोन आला. कॉट्झब्यूला माझ्या दारात उभा आहे, कुकर घेऊन. नोकरी सोडली. "येतो म्हणालो होतो ना? तू 'ये ये' म्हणालीस!" मी सहीचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "कर गं सही. आजींचं बोलायला लागलीस की थांबत नाहीस, नोमचं नाव काढलं की गप्प. कळतं मला."

बाहेर धुकं उतरलंय. विमान कधी उडेल, देव जाणे. फोन ठेवताना आज मी म्हटलं, "येते."