काबरा अजून उतरला नाही

अक्का,

आपला काबरा रानपारव्यांबरोबर उडून गेला. चूक माझी. कबुतरं उपाशी उडवायची, उतरल्यावरच दाणे टाकायचे, हे तू कितीदा सांगितलंस. पण सकाळी तू टँकरचा अर्ज घेऊन लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत गेलीस आणि मला त्याची दया आली. उडवण्याआधीच पोटभर ज्वारी घातली. मग तो कशाला उतरेल?

पारवे मळ्यातल्या कोरड्या विहिरीत राहतात. काठावरून मी हाक मारली, पण माझ्या आवाजाला तो येत नाही, तुला ठाऊक आहे. आतून काबऱ्याच्या पायातलं घुंगरू वाजलं. एक रात्र तिकडे राहिला की तो त्यांचाच होतो, असं तूच म्हणतेस. म्हणून दोर न्यायला घरी आलो.

विहिरीच्या खालच्या पायऱ्या ढासळल्या आहेत. मला फार भीती वाटते आहे; अक्षरावरून दिसेलच. पण दाजी गेल्यापासून तू बोलतेस ती त्यांच्या या काबऱ्याशीच. माझ्याशी नाही, त्यात तुझा दोष नाही.

दिवे लागेपर्यंत मी आलो नाही, तर शेजारच्या सलीमला विहिरीवर पाठव. तू उतरू नकोस. काबरा एकटाच परत आला, तर आधी त्याला दाणे टाक, मग सलीमला हाक मार.

विरूपाक्ष