अठ्ठावीस की बत्तीस

२ ऑगस्ट १९८२

बसलं एकदाचं! सहा सिलिंडर, दीडशे घोडे. आणि बोट तीच जुनी, जिच्यात गेल्या सीझनपर्यंत चाळीस घोड्यांचं इंजिन खोकत होतं. उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर ही गर्दी! हिरामण नाखवा नवरदेवासारखा मिरवत होता. "मिस्तरी, आता तुमी फक्त नॉझल सांगा. बाकी एकवीरा आई बगल."

नॉझल सांगा! जसा काही चपलेचा नंबर. घरी येऊन हिशेब मांडला. दीडशे घोड्यांना तासाला सव्वीस किलो डिझेल, ते सहा सिलिंडरांत वाटलं, मिनिटाला अठराशे फेरे — दर फवाऱ्याला चौऱ्याण्णव घन मिलिमीटर. म्हणजे एक टपोरा थेंब. तो नॉझलच्या चार बारीक भोकांतून धुकं होऊन पडला पाहिजे. भोक लहान झालं तर इंजिनात दम नाही, मोठं झालं तर डिझेल अर्धं जळतं आणि काळा धूर. अठ्ठावीस, तीस की बत्तीस? मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले एवढे. केसाहून बारीक फरक, आणि त्यावर एका घराचं पोट.

तीसचं घातलं. अठरा वर्षं तुर्भ्यात हेच करतोय. चुकणार नाही.

४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बायकोने, नंदिनीने, एकवीरा आईची तसबीर मढवून दिली — नव्या इंजिनाला आमची भेट. हिरामणची आई, गोजरामावशी, तसबीर छातीशी धरून रडलीच. "वर नको रं, खारं पानी उडतंय. आईला खाली, इंजिनाजवल बसवा."

खाली जागा कुठे! इंजिनाची खोली ती, नवं धूड कसंबसं मावलेलं. पुढच्या अंगाला जुनी लाकडी जाळी होती, तिच्यावर चांगली रुंद सागाची फळी ठोकली आणि तसबीर फळीवर स्क्रूने घट्ट बसवली. चार खिळे, एका ओळीत. आपल्या हातचं काम!

९ ऑगस्ट

उरणच्या एस.टी. कंडक्टरबरोबर निरोप — "धूर काला. बोट ओढत नाय." मेल्याने वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर सांगितला!

१० ऑगस्ट

रजा टाकून मोऱ्याला. इंजिनखोलीवरचं झाकण उघडून खाली उतरलो, आईला हात जोडले, म्हटलं मारा एक फेरी. धूर? उदबत्तीएवढाही नाही. सहाही सिलिंडर एका सुरात. वर येऊन म्हटलं, "नाखवा, इंजिन तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे."

हिरामण हसला. पण किसन खलाशी पुटपुटला, "मिस्तरी खाली गेला का येची तबेत बरी, वर आला का आजारी." उद्धट माणूस.

२ सप्टेंबर

तक्रारी संपेनात म्हणून अठ्ठावीसचं घातलं. धूर कमी झाला, जोरही गेला. ओहोटीच्या ओढीला बोट जागची हलेना. भाऊच्या धक्क्यावर पोचली तेव्हा लिलाव उरकलेला, बर्फाचं पाणी झालेलं. आख्खे बोंबील गेले.

५ सप्टेंबर

दम हवा ना? घ्या बत्तीसचं!

११ सप्टेंबर

बत्तीसने तोंड काळं केलं. माझंच.

बंदराबाहेरच्या खडकाच्या पलीकडे इंजिन गुदमरून बंद पडलं. दुसऱ्या बोटीने दोर बांधून ओढत आणलं. धक्क्यावर बाया टोपल्या घेऊन उभ्या, सगळ्या बघतायत — दीडशे घोडे दोराला बांधलेले! कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं. हिरामणने दोर सोडवला, घरी गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.

१२ सप्टेंबर

पुन्हा तीसचं.

२७ ऑक्टोबर

दसरा. वर्कशॉपमध्ये मशीनींना झेंडू. मी सकाळी मोऱ्याहून सहाही नॉझलं काढून आणली आणि एकेक टेस्टिंग पंपावर चढवलं. फवारा टिपकागदावर घेतला — चार डाग, चारही सारखे. एक थेंब गळत नाही. हिशेब तिसऱ्यांदा केला. चौऱ्याण्णवच. डिझेलचा पंपही बरोबर.

सगळं बरोबर आहे आणि बोट चालत नाही. मग चूक उरली कोणाची?

नंदिनी म्हणाली, "देवीच्या पाया पडा एकदा मनापासून." पडतो की! दर खेपेला चप्पल काढून तिच्यासमोरच तर उभा राहतो.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी वरच बसून होतो. तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला धूर — काळाकुट्ट, डांबराच्या भट्टीसारखा. धडपडत झाकण उघडायला गेलो. हलेना! किसन आणि मी दोघांनी मिळून उचललं, धाडकन उघडलं. खाली उतरून कान लावतोय तोवर वरून आरोळी, "गेला! धूर गेला!" आता मलाही वाटायला लागलंय, हे इंजिन माझी थट्टा करतंय.

धक्क्यावर गोजरामावशीने हात धरला. "बाबा, इंजिन चालू झाला का ता झाकन आतून कोनतरी धरतंय. काय तरी हाय रं आत."

मी म्हटलं, "मावशी, खाऱ्या पाण्याने लाकूड फुगलंय. भूत-बित काही नसतं." शिकलेला ना मी!

१४ जानेवारी १९८३

किसन गेला दुसऱ्या बोटीवर. त्याच्या मागून आणखी दोघं. त्यांना तरी काय म्हणू, घरी पोरं आहेत.

हिरामण वाशीला घरी आला होता, तिळगूळ घेऊन. चहा घेतला, जिन्यापर्यंत गेला, परत वळला. "मिस्तरी, माजा तुमच्यावर राग नाय." राग असता तर मी भांडलो असतो. आता काय करू?

८ फेब्रुवारी

आज एका ट्रकचं नॉझल बघायला दिलं. हाताखालच्या दिलीपकडे सरकवलं, म्हटलं तूच बघ.

३ मार्च

बोट विकली. करंज्याचा गोटीराम नाखवा घेतोय, परवा बघून नेणार. हिरामण उरणच्या एका गोदामात रखवालदार लागतोय. आजा, बाप, हा — तिघंही समुद्रावरच जगले. म्हणाला, "बरं हाय मिस्तरी. तितून पानी दिसत नाय."

मी विचारलं, गोटीरामला इंजिनाचं सांगितलंत? "सांगितलं. लपवून काय करू?"

एका भोकाने एक घर बुडवलं. कोणत्या भोकाने, ते मला अजून ठाऊक नाही. या धंद्यातून उठावं हेच खरं. गावी भावाच्या दुकानात बसेन.

५ मार्च

मावशी पहाटेच आईला घरी घेऊन गेली — स्क्रू निघेनात म्हणून फळीसकट. गोटीरामने झाकण लावलं, बोट पार खडकापर्यंत नेली, वाऱ्यासारखी परत आणली. धूर नाही. झाकण एका हाताने उघडलं. आत ऊन पडलं होतं, जाळीतून, आणि समुद्राचा वारा सरळ इंजिनावर. झाकण लावलं की इंजिनाला हवा यायची ती तेवढीच वाट.

गोटीराम खूश. "काय खोट हाय येच्यात? नॉझल कोनी बशिवलं? हात सोन्याचं हायत त्याचं!"

हिरामण जाळीकडे बघत होता. खिळ्यांची चार भोकं, एका ओळीत. मग माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "मिस्तरी, आमच्या म्हातारीला नका सांगू. आईनं कोंडलं असं तिला वाटंल."