चुलवाणापासून तीन महिने

पुणे, २ जानेवारी २०२५

चि. हर्षल यास राजेश्वरीताईचे अनेक आशीर्वाद.

फोन आई स्पीकरवर टाकते, म्हणून पत्र. तू आमच्या लॅबमध्ये दिलेला नमुना आम्ही मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नगरच्या रिपोर्टात संख्या भरपूर, हालचाल चांगली, म्हणून नॉर्मल लिहिलं, आणि आईने तो लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवला. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही, आणि सगळा दोष तुझ्या बायकोच्या, सृष्टीच्या पदरात. पण शुक्राणू पळतो म्हणजे धड असतो असं नाही. तुझ्या बऱ्याच शुक्राणूंच्या डोक्यात पोकळ्या दिसल्या. हरभरा वरून टपोरा आणि आतून किडका निघतो, तसं.

डॉक्टर म्हणाले, गुऱ्हाळातल्या चुलवाणाची धग हे कारण असू शकतं. तीन महिने तिथून लांब राहा, मग पुन्हा तपासू. खात्री कोणी देत नाही. सृष्टीला आजच सांग, गाढवा. यात लाजायचं काही नाही.

माया आहे तशीच आहे.

ताई

काष्टी, ९ जानेवारी

ती. सौ. ताईस हर्षलचा सा. न. वि. वि.

पत्र गोठ्यात वाचलं. अजून सांगितलं न्हाई. गुळव्या म्हणून पंचक्रोशीत माझं नाव हाय, रस आटवायच्या काहिलीपुढं दुसरा उभा केला की लोक इचारणारच. आई लई पेटलीय. एकोणीस तारखेला, रविवारी, सृष्टीच्या वडलांना बेलापूरहून बोलावलंय, लेकीला घेऊन जा म्हणणार. दुसरी सोयरीकबी बघून ठेवलीय. सृष्टी रोज उपाशीपोटी आईनं आणलेला कडू काढा पिते. मी बघतो आन् गप बसतो.

तू आईला एवढंच लिव, की दोष दोघांत थोडा थोडा हाय. मग निभतंय.

रागाव, पण लोभ तोडू नको.

हर्षल

पुणे, १३ जानेवारी

हर्षल,

खोटं लिहिणार नाही. रविवारच्या आत तोंड उघड.

ताई

बेलापूर, २२ जानेवारी

ती. सौ. ताईंना सृष्टीचा शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी माझे आप्पा आले. सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली तसे हे उठले आणि चारचौघांत म्हणाले, की खोट माझ्यात आहे, हिला कुठं पाठवायचं नाही. मला रडू आलं, बरंही वाटलं.

मग मी विचारलं, कधी कळलं. तुमचं पत्र चार तारखेलाच मिळालं होतं म्हणाले. म्हणजे पंधरा दिवस मी तो काढा प्यायले. ओकाऱ्या व्हायच्या तेव्हा पाठ हेच चोळायचे.

म्हणून आप्पांबरोबर निघून आले. हाकललं कोणी नाही, मीच आले. त्यांचे तीन महिने सुरू झालेत, तेवढे दिवस मीही इथंच. नंतर रिपोर्ट कसाही येवो, त्याच दिवशी त्यांनी स्वतः येऊन मला सांगावा. आधी मला.

तुमच्यावर राग नाही. येत जा.

सृष्टी