"घेतलं की, आई"

रविवार, ता. २७ मे १९७३

चि. गुलाब यास,

अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात खरं किती ते पुढं वाच.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुलीत घालणार होते. माझ्या धाकटीनं हात धरला, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. तू लिहितोस, आईनं कामावरच्या ड्रमचं पाणी प्यायल्याचं बेंबळीच्या पोरांकडून पुण्यात कळलं, छाती फुगली. हेलनबाईला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. १० जूनला मशीन घेऊन येतो, आईला घरी थांबव, नवं लुगडं नेसव, तिची आशेची गोष्ट टेपवर घेऊ, अमेरिकेतली माणसं ऐकतील.

वा रे पठ्ठ्या! इथं हंडाभर पाण्यासाठी आम्ही दोन कोस चालतो, आणि तुमच्याकडं ते डोळ्यांतून सांडतंय.

विसरला असशील तर आठवण करून देते. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तू तुझ्या त्या अमेरिकन हेलनबाईला घेऊन आलास. तिच्या देशातल्या साध्यासुध्या माणसांचे बोल ती गावोगाव ऐकवते, तिथं दिवस कसे पालटले ते सांगते आणि तू तिचं मराठीत करतोस, म्हणालास. विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकली. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं हातपाय न धुता बसली. धुवायला होतं काय? आधी टेपवर एक बस चालवणारा बोलला, मग एक खाणीतला. लोक जांभया देत होते. शेवटी ती काळी म्हातारी बोलली, कपडे धुण्याच्या कारखान्यातली. तिथं पाण्याचे दोन नळ, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. एक दिवस ही उठली आणि गोऱ्यांच्या नळाला तोंड लावून पोटभर प्यायली. तू एवढं सांगितलंस आणि ओट्यावरचं माणूस हललं नाही.

का हललं नाही ते तुला नाही कळायचं, तू कधी खडी फोडली नाहीस. तलावाच्या दुष्काळी कामावर पाण्याचा एकच ड्रम. बाकीच्या टोळ्या गिलास बुडवून पितात. आपल्या लोकांच्या टोळीनं चार हात लांब उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, आणि पाणी वाटणारी शांताक्का वरून धार सोडणार. ती बाई वाईट नाही, पण धार वरूनच. अर्धं पाणी कोपरावरून मातीत.

अमेरिकेनं आधी लाल जवारी पाठवली, ती कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. तुझी म्हातारी मात्र सगळ्यांच्या पोटात जाऊन बसली.

टेप थांबल्यावर आईनं तुला एकच गोष्ट विचारली होती. "मंग दुसऱ्या दिशी तिला कामावर घेतलं का रं?"

तू हसलास. म्हणालास, "घेतलं की, आई."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं तुम्ही दोघं गेलात. मंगळवारी कामावर आपल्या टोळीतून गिलास बुडवला गेला. शंकरप्पा मुकादमानं बघितलं नाही, पण कुणीतरी ओरडलं, "ड्रम बाटला!" त्यानं येऊन अख्खा ड्रम आडवा केला. दुष्काळात, गुलाब! भरलेला ड्रम! आमच्या पायापर्यंत पाणी आलं आणि जिरलं. टँकर दुसऱ्या दिवशीचा. संध्याकाळपर्यंत दीडशे माणसं कोरड्या घशानं खडी फोडत होती आणि सगळ्यांचे डोळे आमच्यावर. आपल्याच टोळीतल्या बायका मला म्हणाल्या, "घ्या, प्या आता अमेरिकेचं पाणी."

मुकादमानं विचारलं, "कुणी पेलं?"

आई उठली. "म्या पेलं."

तो शहाणा माणूस, कायद्याला भितो. मस्टरवर पाण्याचा शब्द नाही. 'खडीचं माप कमी, कामात कुचराई' असं लिहून त्यानं आईचं नाव काटलं. सतरा वर्षांची पोर फोडणार नाही एवढी खडी ती रोज फोडत होती.

तेव्हा नवं लुगडं कुणाला नेसवू? आई घरी नाही. पाच आठवडे झाले, ती येरमाळ्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर आहे, तट्ट्याच्या खोपटात, परक्या माणसांत, साठीच्या वयात. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं. "लेकराच्या कामात खोडा नगं." आज मी शपथ मोडली. लेकराचं काम काय आहे ते मला कळलं म्हणून मोडली.

ते असं कळलं. मागच्या आठवड्यात धाकटीचा दाखला आणायला शाळेत गेले. बशीर मास्तर भेटले. त्या दिवशी ते ओट्याच्या कडेला बसले होते, त्यांना इंग्रजी येतं हे तू विसरलास. त्यांनी आईची चौकशी केली, मी सांगितलं. मग म्हणाले, "चांगुणाबाई, त्या म्हातारीचं निम्मंच सांगितलं गुलाबनं. दुसऱ्याच दिवशी तिला काढलं होतं. दोन वर्षं कुणी काम दिलं नाही. सख्खा भाऊ दारात उभा करत नव्हता. हे सगळं ती टेपवर बोलली."

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही तेव्हाच तोंड का नाही उघडलं? तर म्हणतात, सगळ्यांचे चेहरे इतके खुलले होते की जीभ रेटली नाही. चांगलंच की! तुझीही रेटली नाही, त्यांचीही नाही. शिकलेल्यांच्या जिभा नाजूक आणि आमच्या माना घट्ट, असंच ना?

त्या म्हातारीला कामावर घेतलं नाही हे तुला माहीत होतं. आईनं तोंडावर विचारलं होतं. तू आईला खोटं सांगितलंस, गुलाब, आणि आम्हाला उठवून स्वतः एसटीत बसलास. याला मी भाषांतर म्हणत नाही.

इथवर लिहून मघाशी पत्र मिटलं होतं. परत उघडलं, कारण तुला खोटारडा म्हणून मी निम्मंच सांगितलं तर तुझ्यात न् माझ्यात फरक काय?

ड्रममध्ये गिलास आईनं बुडवला नाही. मी बुडवला. मी प्याले. थंडगार होतं पाणी, आणि कोपरावरून एक थेंब सांडला नाही. मुकादमानं विचारलं तेव्हा मी उठणारच होते. आईनं माझा खांदा खाली दाबला, कानात म्हणाली, "तुजी दोन लेकरं हायत, नवरा टाकून गेलाय. तुजं नाव कटून चालायचं न्हाय." ती उठली आणि मी बसून राहिले. तिनं दाबलं म्हणून बसले असं मी पाच आठवडे स्वतःला सांगते आहे. मला उठायचंच असतं तर आईच्या एका हातानं मी दबले नसते रे. मी भ्याले.

मास्तर आणखी एक बोलले. ती म्हातारी शेवटी म्हणाली होती, हे सगळं भोगून झालं, तरी त्या नळाला मी परत तोंड लावलं असतं. तुझी आशा तिथं होती, लेका, आणि तीच तू कापलीस. तिच्या त्या बिनकामाच्या दोन वर्षांचं आधीच ऐकलं असतं तरी मी गिलास बुडवला असता. पण मग तयारीनं बुडवला असता, आणि विचारल्यावर उठून उभी राहिले असते.

काल शनिवारी आईच्या कामावरची मथुराबाई येरमाळ्याहून आली. आईनं तिच्यासंगं निरोप धाडला आहे, तो जसाच्या तसा लिहिते. "माजं बरं चाललंय. गुलाबला इचार, ती अमेरिकेची म्हातारी अजून हाय का. या वयात तिला काम झेपतंय का."

तर १० तारखेला इथं येऊ नको. बाईला आणि मशीनला घेऊन सरळ येरमाळ्याला ये. मी लेकरं घेऊन तिथं असेन. आधी ती टेप लाव आणि राहिलेलं सगळं आईच्या तोंडाकडं बघून सांग. मग मशीन माझ्यापुढं धर. गिलास कुणी उचलला ते मी आईदेखत बोलेन, आणि तू बाईला त्यातला एक शब्द न गाळता सांगायचा. हे जमणार नसेल तर आईच्या खोपटाची वाट धरू नको.

निरोपाचं उत्तर मी आईला कळवलेलं नाही. ते तुझ्याकडं आहे.

तुझी,
बसून राहिलेली अक्का,
चांगुणा