माथ्यावरची टपरी

१२ जानेवारी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. वहिनी, नेहमीसारखं मोठ्यानं वाचा, आईला नीट ऐकू जाईल असं. आमच्या ऑफिसच्या ताब्यातल्या टेकडीवरच्या पायवाटा पुढच्या महिन्यात लोकांसाठी खुल्या होतायत. बाबा, तुम्ही आणि काकांनी बसवलेले दगड तसेच ठेवलेत, फक्त बाजूला कठडा आलाय. माथ्यावरून सगळं शहर दिसतं. तिथे चहाची एक टपरी होणार आहे. ज्यांनी वाटा बांधल्या त्यांचा तिच्यावर पहिला हक्क, असं मी बैठकीत सांगितलं. साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं रास्त आहे, वडिलांना तयार राहायला सांगा. पदवी घेऊन ही काय दिवे लावणार, असं काका विचारायचे ना? त्यांनाही कळवा.

तुमच्या आशीर्वादाची,
धाकटी

२५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांनी इतक्यांदा वाचून घेतलं की माझा घसा बसला. काका म्हणाले, पोरीनं नाव काढलं. पण चहा फुकट असेल तरच टेकडी चढेन, नाहीतर गुडघे ऐकत नाहीत. बाबांनी नवी किटली आणलीय. रोज पुसून ठेवतात. आईंचं म्हणणं, माझ्याकडे एवढं लक्ष जन्मात दिलं नाही. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
वहिनी

९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे आधी एकटीनं वाचा. टपरी आपल्याला मिळत नाही. एका बड्या हॉटेलवाल्याला दिली. साहेबांना जाब विचारला, तर म्हणाले, मी रास्त म्हणालो होतो, देतो म्हणालो नव्हतो. मी खूप भांडले. बाबांसाठी वेगळं पत्र सोबत आहे. त्यातलं काही गाळू नका, गोड करू नका. माणसाला खोट्या आशेवर बसवणं मला पटत नाही. गोदामावरची पहारेकऱ्याची नोकरी त्यांनी सोडू नये, हे मात्र पुन्हा पुन्हा वाचा.

तुमची माया अशीच राहू द्या.
धाकटी

१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हव्या तेवढ्या शिव्या दे. पत्र आलं तेव्हा बाबांनी काकांना आणि शेजाऱ्यांना हाका मारून गोळा केलं. कागद उघडला आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काम जरा लांबलंय पण होणार, असं काहीतरी मीच बोलून गेले. नंतर एकटे असताना सांगू म्हटलं, तर ते तडक गोदामाच्या मालकाला नोकरी सोडतो म्हणून सांगून आले. मालकानं लगेच दुसरा माणूस ठेवला. आता रविवारी ते किटली घेऊन तुझ्याकडे निघालेत. तूच सांग गं. माझी जीभ रेटत नाही.

तुझी,
वहिनी

२७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चढताना एकेका दगडावर पाय ठेवून सांगत होते, हा मी बसवला, तो तुझ्या काकानं, म्हणून डुगडुगतो. माथा येईपर्यंत मला धीर झाला नाही. वर त्या हॉटेलवाल्याचं काचेचं चहाचं दुकान दिसलं, तेव्हा सगळं सांगितलं. ते बाकावर टेकले, तर दुकानातल्या बाईंनी बाक गिऱ्हाइकांसाठी आहे म्हणून उठवलं. तेवढ्यात साहेब आले. मी सगळ्यांदेखत त्यांना खोटारडे म्हणाले. ते माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, हॉटेलवाल्याला उष्टे कप उचलायला माणूस हवाय, येता का? मी नको म्हणायच्या आत बाबा हो म्हणाले.

सोमवारपासून ते त्या कामावर आहेत, राहतात माझ्या खोलीवर. काल मला समोर बसवून त्यांनी पत्र लिहवून घेतलं. टपरी मिळाली, गिऱ्हाइकांची रीघ लागते, असं त्यात आहे. आधी मी लिहिणार नाही म्हणाले. त्यावर ते एवढंच बोलले, "तुझं खरं साहेबापुढे चाललं नाही. आता म्हातारीपुढे चालवू नकोस."

ते पत्र सोबत आहे. आई आणि काका दोघंही असतील तेव्हा मोठ्यानं वाचा. अक्षर माझंच आहे, कुणाला शंका येणार नाही.

माझ्यावर लोभ उरला असेल तर ठेवा.
धाकटी