बंद घराचं रीडिंग

४ जानेवारी २००८

वाचणाऱ्या, तू जो कोण असशील तो, आधी चष्मा शोध. डोक्यावर बघ. सापडला? आता ही वही कशाला उघडलीस ते आठव. नाही ना आठवत — म्हणून तर मी लिहून ठेवते. म्हणजे मी सांगते आणि सून लिहिते. मैना सातवी शिकली आहे. मी ‘नाय’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते आणि माझ्याकडे अशी बघते, जशी काय मला आंघोळ घालून बसवली.

डायरी चांगूची. त्याच्या महाडच्या कारखान्यात मिळाली. माझ्या मुलाच्या डोक्यात लिहिण्यासारखं काही येत नाही. माझ्या येतं. वाया का घालवा?

आज बोर्डाची माणसं नवे मीटर लावायला आली. सोबत तुडीलचा गोमाजी. हा इतकी वर्षं रीडिंगला यायचा. चढ चढून आला की आमच्या ओटीवर टेकायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, “बाकीची घरं बंदच ना, काकी?” मी म्हणायची, बंदच. मग बसल्या जागी तो ‘बंद’ लिहायचा. वाडीत सात घरं, सहांना कुलूप. माणसं मुंबईत, किल्ल्या माझ्याकडे.

आज म्हणतो, “आता मी वर येनार नाय. ह्याच्या पोटात रेडिओ हाय. मी खाली रस्त्यावर उभा ऱ्हायलो की माझ्या हातातल्या मशीनला सगळी मीटरं आपापलं रीडिंग सांगनार. तार नाय, काय नाय.”

“गाणी लागतात?”

“नाय.”

“मग कसला रेडिओ?”

पण त्यांना बंद घरंही उघडून हवी होती. ठमाबाईच्या कुलपाशी मी मुद्दाम पुष्कळ वेळ खुडबुड केली, मोठ्याने बोलले, खोकले. दार उघडलं तर पडवीत कपबशी. चहाला वाफ.

गोमाजी म्हणाला, “काकी, बंद घरात गरम चहा?”

“देवाला ठेवलाय.”

“कपबशीत?”

“देव मुंबईला राहून आलाय.”

तो हसला, प्रसाद म्हणून पिऊन टाकला. मीटर लागला, माणसं गेली.

मैना विचारते आहे, आय, पण चहा कुणाचा होता? लिही — ठमाबाईचा. ती माळ्यावर लपली होती. दिवाळीपासून ती त्याच घरात राहते आहे.

मैनेचा हात थांबला आहे. लिहिलंस ना? झालं. आता तूपण त्यात.

५ जानेवारी

मैनेने चांगूला सांगितलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिली म्हणे. शाबास.

ठमी माझ्या बरोबरीची. एकाच वर्षी दोघी लग्न होऊन या वाडीत आलो. तिचे दोन मुलगे मुंबईकडे, थोरला येसाजी दिव्याला, धाकटा मंगेश विरारला. बायकांवरून काहीतरी झालं आणि भावाभावांचं बोलणं बंद. काय झालं ते आता दोघांनाही आठवत नसेल. गाव सुटलं, घराला कुलूप लागलं, आणि ठमी चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे. गॅसच्या टाकीसारखी.

दिवाळीत तिने येसाजीला सांगितलं, मंगेशकडे जाते. मंगेशला सांगितलं, शिमग्यापर्यंत येसाजीकडेच राहते. आणि पोलादपूरच्या एसटीत बसली. स्वतःच्या घरात चोरासारखी शिरली. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप मी घालते, ती मागच्या दाराने जाते-येते.

येसाजीला वाटतं आई मंगेशकडे. मंगेशला वाटतं आई येसाजीकडे. एकानेही दुसऱ्याला फोन केला नाही.

“बघ, कसं जमवलं,” ठमी म्हणते.

मी म्हटलं, जमवलंस खरं.

चूल मात्र पेटवायची नाही. बंद घराच्या कौलांतून धूर निघाला तर गुराख्यालाही कळेल. म्हणून सगळं लाईटवर — शेगडीवर भात, बादलीत पाणी तापवायची लाईटची कांडी टाकून आंघोळीचं पाणी. लाईटला धूर नसतो. ही अक्कल माझी.

१५ जानेवारी

संक्रांत. ठमीला तिळगूळ दिला मागच्या दाराने. लाईट गेलेली नव्हती म्हणून टीव्ही बघितला, आवाज बंद करून. पडद्यावरच्या बायांचं बोलणं ठमी स्वतःच बोलते. सगळ्या बाया तिच्या सुनांसारख्या बोलतात.

थंडी आहे. ती दिवसातून दोनदा कांडी लावते. मी म्हटलं, गरम पाण्याची एवढी हौस असेल तर सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडात जाऊन बस. म्हणाली, “दिव्याला माझ्या आंघोळीचा नंबर सगळ्यांच्या मागनं लागायचा गो. पाणी संपलेलं असायचं.”

मग मी तिला आणखी एक बादली लावायला सांगितली.

९ फेब्रुवारी

गोमाजी खाली रस्त्यावर उभा राहिला, हातातलं मशीन आमच्याकडे रोखलं. मी हात हलवला. त्याने नाही हलवला. मशीनकडे बघत बसला. मग चढ चढून वर आला.

“काकी, त्या बंद घराचं रीडिंग तुमच्या घरापरीस जास्त हाय.”

“भूत असेल.”

“भुताला एवढी लाईट लागते?”

“थंडी कितीय बघतोस ना.”

तो हसला नाही. म्हणाला, “आधी मी बंद लिवायचो. आता मी काय लिवत नाय, मशीन घेते. तिला बंद म्हंजे काय ते ठाव नाय. बिल निघनार.” चहासुद्धा घेतला नाही. उतरताना वळून म्हणाला, “भुताला सांगा, पानी जरा कमी तापव.”

१० फेब्रुवारी

ठमीला सांगितलं. ती माझ्यावरच उखडली.

“तूच म्हनालीस, लाईटला धूर नाय!”

“धूर नाय. तोंड हाय.”

आज तिने गार पाण्याने आंघोळ केली. शिव्या मागच्या परड्यापर्यंत ऐकू आल्या. त्यात माझं नाव होतं.

२ मार्च

मंगेशने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बिल बघितलं. विरारला बसून पोलादपूरच्या घरातली कांडी दिसते, काय दिवस आले. लगेच चांगूला फोन — आमचं घर बंद, मग लाईट कोण जाळतं? किल्ली तुमच्या म्हातारीकडे. तिने वायर ओढली असणार. शिमग्याला येतो, बोर्डात तक्रार करतो, पोलिसांतही देतो.

चांगू कामावरून आला. पायातलं न काढता ओटीवर उभा राहिला.

“आये, खरं हाय?”

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता — मग कोण? मग त्याने कुलूप उघडलं असतं. आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ठमी दिव्याला, नाहीतर विरारला, ज्याचा नंबर असेल त्याच्याकडे.

मी म्हटलं, “हो. मीच घेतली. पाठ दुखते माझी. तिकडनं वायर आणून शेकत होते.”

मैनेच्या हातातलं ताट पडलं.

चांगूने मान खाली घातली. किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली.

मला बटण दाबायची भीती वाटते. आमच्या घरातला दिवा मी आजवर कधी लावलेला नाही, अंधार पडला की मैनेला हाक मारते. हे चांगू लहानपणापासून बघतो आहे. वायर कुठाय, दाखव, एवढंसुद्धा त्याने म्हटलं नाही.

४ मार्च

मैना म्हणते, मी त्यांना सांगते. मी म्हटलं, सांग. पण मग उद्यापासून स्वयंपाक मी करणार आणि तो तुला खावा लागणार. गप्प बसली. माझ्या हातची आमटी तिने एकदा खाल्ली आहे.

मग ठमीकडे गेले, तर पिशवी भरून बसलेली. “मी जाते येसाजीकडं. तुझं नाव खराब होतंय.”

“आपल्याला कुठं नाव वाचता येतं? बस खाली.”

बसली. पिशवीतून सगळ्यात आधी कांडी बाहेर काढली.

१२ मार्च

चांगू बोलत नाही. आज जेवताना ‘मीठ’ म्हणाला. मैना घालायला विसरली होती म्हणून.

२१ मार्च

होळी. मुंबईकर आले, बंद दारं उघडली, वाडीत पोरांचा गलका. येसाजी आणि मंगेश वेगवेगळ्या गाड्यांनी आले आणि एकाच अंगणात एकमेकांना पाठ करून उभे राहिले. चांगूने मंगेशला किल्ली दिली. त्याच्याकडे न बघता.

मंगेशला घाई होती. सगळी वाडी होळीसाठी जमलेली, त्यांच्यासमोर सुरू झाला. “ह्यांना काकी म्हनत आलो. आईसारखं मानलं. आनि ह्यांनी आमचीच लाईट चोरली!” ओटीवरून मी सगळं ऐकत होते. शेजारी चांगू. तो भिंतीकडे बघत होता.

मी म्हटलं, “मंगेशा, अंगात वीज चढलीय माझ्या. हात लावून बघ, झटका बसंल.” पोरं हसली. मंगेश आणखी पेटला. चोर म्हणाला. दोनदा म्हणाला.

तेवढ्यात घराच्या मागून ठमी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात ती कांडी.

“चोर कोनाला म्हनतोस रे? माझं घर. माझी लाईट. मीच जाळली. आंघोळ करीत होते म्हनून यायला उशीर झाला.”

येसाजी मंगेशकडे वळला. मंगेश येसाजीकडे.

“आई तुझ्याकडं होती ना?”

“तुझ्याकडं होती ना?”

इतक्या वर्षांत भावाभावांचं पहिलं बोलणं ते हे. ठमी टॉवेलने कांडी पुसत राहिली. हसू मला येत होतं, पण तिच्याकडे बघितलं आणि आलं नाही. दिवाळी ते शिमगा. तिने मोजलं असेल.

२२ मार्च

भाऊ एक झाले. आईला इथे एकटी ठेवायची नाही, लोक तोंडात शेण घालतील — यावर दोघांचं एकमत. सोमवारच्या गाडीची तिकिटं काढली. आधी दिवा, मग विरार.

“मी येत नाय,” ठमी म्हणाली.

“आई, पडलीस-झडलीस तर? एकटी कशी ऱ्हाशील?” येसाजी म्हणाला. वाईट मुलगा नाही. डोळ्यांत पाणी होतं. पण तिकीट खिशात होतं.

संध्याकाळी चांगू माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “आये, खोटं कशाला बोललीस?”

मी म्हटलं, “तू खरं कशाला मानलंस?”

तो गेला. जेवला नाही.

२३ मार्च

मघाशी माझी गोधडी आणि पानाचा डबा घेऊन ठमीच्या घरात राहायला आले. येसाजीला म्हटलं, ही आता एकटी नाय, तिकिटं परत कर. मैना इथल्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे. चांगू तिकडे आमच्या अंगणात उभा आहे, मला हाकही मारत नाही आणि घरातही जात नाही. मैने, उद्या दुपारी तांदळाच्या तीन भाकऱ्या, कैरी घातलेला जवळा आणि कुळथाचं पिठलं पाठव. ठमीला दात नाहीत, पिठलं पातळ कर. आणि ताट चांगूच्या हातून पाठव.