मुसळ वाजतंय

४ डिसेंबर १९३३, रत्नागिरी
घरालगत भाताची गिरण सुरू होऊन आठवडा. इंजिन, बोटीचं भाडं, बंदरावरची हमाली, फिटरचं जेवणखाण. खरा खर्च यात धरलेला नाही. पट्टा फिरू लागला, माजघराची जमीन हादरू लागली, आणि त्या दिवसापासून आये ताट बाजूला सारते.
गिऱ्हाइकांपुढे मात्र फुशारकी चालूच. "डोळे बांधा, आवाजावरून सांगतो भात ओलं की सुकं. या कानांतून काही सुटत नाही." एक म्हातारा म्हणाला, "शेट, मग घरातली हाक मारते ती कशी ऐकू येत नाय?" सगळे हसले. मीही.

६ डिसें.
बायकोने, लक्ष्मीने, आयेची गोधडी उचलून दाखवली. खाली पसाभर तांदूळ, नखांनी सोललेले. तुसं पदराच्या गाठीत. बोटं रक्ताळलेली.
ही सोलणी मी पाहिलेली आहे. दुष्काळात, गावी. खोताचा माणूस घरांच्या मागून कान देत फिरे. मुसळ वाजलं की आत शिरे, जमिनीच्या थकलेल्या खंडापोटी असेल ते भात उचले. म्हणून आमच्यात कांडण नाही, नखं. धाकटी बहीण रडली की आये तिच्या तोंडावर पदर धरी. एकदा ती रडायची थांबली. भूक की पदर... कधी विचारलं नाही. मोठ्याने कुणी रडलंही नाही.

८ डिसें.
दुपारी घरात आलो. लेक बाळंतपणाला आलीय, तिचा तान्हा पाळण्यात रडत होता. रडणं एकदम तुटलं. धावलो. आये वाकलेली, पदर त्याच्या तोंडावर. "गप रं बाला, आयकंल त्यो." हात सोडवायला जोर लागला. पोर निळं. मग टाहो फोडला त्याने.
"आये, तो माणूस कधीच मेला गं." ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
इंजिन बंद केलं.

११ डिसें.
गिऱ्हाइकांच्या भाताच्या गाड्या परत पाठवतोय. लेक पोराला खाली ठेवत नाही. आये अजून उपाशी. आज बोट वर करून म्हणाली, "वाजतंय. कोन कांडतंय? थांबवा तिला."
कान दिला. चिटपाखरू नाही.

१२ डिसें.
डॉक्टर आले. आयेच्या पाठीमागे उभं राहून तपेलीवर पळी हाणली. लेकीच्या कुशीतलं पोर दचकलं. आये भात सोलत राहिली.
"केव्हापासून?"
लक्ष्मी म्हणाली, "होऊन गेलं वर्ष. मी यांना सांगितलं होतं."
आये वर्षभर ठार बहिरी आहे; इंजिन तिला जमिनीच्या हादऱ्यातून कळलं. मला ठाऊक नव्हतं.